मासिक पाळी आणि किशोरवयीन मुलींचे आरोग्यशिक्षण

जागतिक आरोग्य संघटनेने 10 ते 19 हे वय किशोरावस्थेचे मानले आहे. याच काळात, बहुधा 12 ते 13 व्या वर्षाच्या सुमारास, मुलीला पहिली पाळी येते. अनेक मुलींना याची माहिती प्रत्यक्ष रक्तस्राव झाल्यावरच मिळते. आपल्याला इजा झाली किंवा आजार जडला, असे त्यांना वाटते. ही भीती टाळावयाची असेल, तर पाचवी-सहावीतच हे शिक्षण द्यावयास हवे.

शास्त्रीय माहिती : दर महिन्याला गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होते. गर्भधारणा न झाल्यास संप्रेरकांची पातळी घटते व हे अस्तर रक्तासह बाहेर पडते. शरीरात साठलेली घाण बाहेर पडते, हा समज चुकीचा आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असू शकते. या वयात 21 ते 45 दिवसांचे अंतर सर्वसाधारण समजले जाते.

स्वच्छता : पॅड किंवा कापड साधारणतः 4 ते 6 तासांनी बदलावे. कापड साबणाने धुऊन उन्हात वाळवावे. संकोचापोटी ते इतर कपड्यांखाली किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवले जाते. दमट कापडात जंतू व बुरशी वाढून खाज आणि संसर्ग होण्याचा संभव असतो. म्हणजे येथे आरोग्याची हानी लाजेमुळे होते.

आहार : पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 15 ते 19 वयोगटातील सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय होता. पाळीत रक्ताबरोबर लोहही जाते. म्हणून बाजरी, डाळी, पालेभाज्या, मांस यांसोबत लिंबू घ्यावे. जेवणाबरोबर चहा टाळावा. शाळेत मिळणारी लोहाची साप्ताहिक गोळी जेवणानंतर घ्यावी.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा : 15 व्या वर्षापर्यंत पाळी न आल्यास, रक्तस्राव 7 दिवसांपेक्षा अधिक चालल्यास, तास-दोन तासांत पॅड भिजत असल्यास किंवा वेदनेमुळे शाळा बुडत असल्यास डॉक्टरांना दाखवावे. 'बाईच्या जातीला हे सोसावेच लागते' असे म्हणून मुलीला गप्प बसवू नये.

शाळेची जबाबदारी : केंद्र शासनाने 2011 मध्ये ग्रामीण मुलींसाठी स्वस्त पॅडची योजना सुरू केली. जुलै 2018 मध्ये पॅडवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. वरील पाहणीत 15 ते 24 वयोगटातील सुमारे 77 टक्के मुली व स्त्रिया स्वच्छ साधने वापरताना आढळल्या; 2015-16 मध्ये हे प्रमाण 58 टक्के होते. तथापि साधन मिळाले म्हणजे समज आली असे होत नाही. स्वच्छतागृहाला आतून कडी, पुरेसे पाणी व झाकणाची कचरापेटी नसेल, तर पॅड असूनही मुलगी त्या दिवसांत घरीच राहते. बुडालेले दिवस अभ्यासात मागे पाडतात.

मुलीला सर्वप्रथम आईच सांगते; पण आईलाही पुष्कळदा कोणी सांगितलेले नसते. म्हणून शिक्षिकांनी माता-पालक सभेतही हा विषय घ्यावा. आईची शंका फिटली, की मुलीला घरातच विचारता येईल.