तहमास्पच्या ‘शाहनामा’ प्रतीचा प्रवास

बहिरी ससाण्यासारखे शिकारी पक्षी माणसाळवण्याची विद्या तहमूरस राजाने सुरू केली, असे सांगणाऱ्या फारसी कवी फिर्दौसीच्या ‘शाहनामा’ या महाकाव्याची सर्वांत वैभवशाली प्रत सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तबरीझमध्ये, इराणचा शाह तहमास्प याच्या ग्रंथशाळेत, सिद्ध झाली. तिच्यात ७५९ पत्रे, म्हणजे दोन्ही बाजूंनी वापरलेली पाने, आणि २५८ चित्रे होती. मजकूर नस्तालीक या लपेटदार फारसी लेखनशैलीत असून समासांवर सोन्याचे कण शिंपडलेले आहेत. १५६८ मध्ये ती उस्मानी सुलतान दुसरा सेलीम याला नजर करण्यात आली, आणि १८०० च्या सुमारास उस्मानी राजधानी इस्तंबूलमधील ग्रंथपालाने चित्रांचा आशय सांगणारी तुर्की टिपणे जोडल्यामुळे ती तोवर तेथेच होती हे कळते. पुढे पॅरिसच्या रॉथशिल्ड घराण्याकडून १९५९ मध्ये ती अमेरिकी संग्राहक आर्थर हॉटन यांच्याकडे गेली, आणि त्यांनी ती सुटी करून पाने वेगवेगळी केली, ही ग्रंथाची अक्षम्य हानी होय. ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाली, त्यांत तहमूरसाचेही आहे. इतर अनेक विकली गेली. उरलेली ११८ चित्रे, मजकुराची पाने व बांधणी १९९४ मध्ये चित्रकार डी कूनिंग यांच्या एका चित्राच्या बदल्यात तेहरानला परतली.