कुडलची तुळई आणि निनवेची वीट

सोलापूरजवळ भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे गाव आहे. तेथील संगमेश्वर मंदिराच्या तुळईवर शके ९४० (इ.स. १०१८) चा शिलालेख असून, सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो प्रकाशात आणला. लेख वाचणारा विजयी होईल, असा मराठी आशीर्वाद त्यात कोरलेला आहे. हजार वर्षांपूर्वीची ती मराठी आपण थोड्या प्रयत्नाने समजू शकतो, कारण ही भाषा आजही जिवंत आहे.

परंतु ज्या भाषेचा बोलणारा एकही उरला नाही, तिचे काय? पवित्र शास्त्रातील अश्शूरी राजांचे लेख मातीच्या विटांवर खिळ्यांच्या आकाराच्या लिपीत लिहिलेले आहेत. त्यांच्या भाषांतरावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्त आहे.

इराणमधील बेहिस्तून येथे दारयावेश राजाचा लेख तीन भाषांत कोरलेला आहे. १८२७ मध्ये कंपनी सरकारच्या सैन्यात मुंबईस आलेल्या हेन्री रॉलिन्सन यांनी पुढे इराणात असताना त्याची नक्कल केली. प्रथम जुनी फारसी उलगडली आणि राजांच्या नावांच्या आधारे इतर भाषांचे दार उघडले. ही भाषा हिब्रूची नातलग निघाली. बेथलेहेममधील ‘बेथ’ म्हणजे घर. अश्शूरीत तोच शब्द ‘बीतु’ असा येतो.

तरीही शंका होतीच. म्हणून १८५७ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने रॉलिन्सन, हिंक्स, टॅल्बट आणि ओपर्ट या चौघांची स्वतंत्र भाषांतरे मोहोरबंद मागविली. एकाच लेखाची ती चार भाषांतरे ताडून पाहता मुख्य आशय जुळला.

आता २ राजे १८ उघडावे. सन्हेरीबाने हिज्कीयावर ३०० किक्कार रुपे व ३० किक्कार सोने अशी खंडणी बसविली, असे तेथे आहे. सन्हेरीबाच्या स्वतःच्या लेखातही सोने ३० किक्कारच आहे. रुपे मात्र ८००. यरुशलेम जिंकल्याचा दावा तोही करीत नाही. हिज्कीयाला पिंजऱ्यातील पक्ष्याप्रमाणे कोंडले, एवढेच सांगतो.

रुप्याच्या आकड्यातील हा फरक आम्ही लपवू इच्छित नाही. दोन साक्षीदार शब्दशः एकच बोलले, तर पढविल्याचा संशय येतो. मुख्य घटना जुळते, हे श्रद्धावंताने समाधानाने स्वीकारावे. जे जुळत नाही, तेही निर्भयपणे वाचावे. कुडलचा आशीर्वाद वाचणाऱ्यालाच आहे.