संस्थेसाठी सर्व्हर घेताय? सही करण्याआधी हे बघा

खडकवासला : पतसंस्था असो की दूध संघ, सगळा हिशेब आता सर्व्हरवर. पूर्वी प्रत्येक कामाला वेगळा सर्व्हर लागायचा. आता एकाच दणकट सर्व्हरवर चार-पाच ‘आभासी’ सर्व्हर चालतात. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. एका विहिरीवर चार वावरं भिजवायची, तसंच हे. पण आधी विहिरीत पाणी किती ते बघावं लागतं.

किती मोठा घ्यायचा?
सगळ्या कामांची रॅम मोजा. प्रोसेसर आलटून-पालटून वापरता येतो, रॅमची तशी ओढाताण चालत नाही. समजा एकूण 64 जीबी लागते, तर प्रत्येकी 96 जीबीचे दोन सर्व्हर घ्या. एक बंद पडला तरी दुसऱ्याने सगळा भार उचलला पाहिजे. त्यासाठी डेटाही दोन्हीकडे हवा.

कोणतं सॉफ्टवेअर?
व्हीएमवेअर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने घेतलं. आता ते एकदाच विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीने पैसे भरावे लागतात. हायपर-व्ही विंडोज सर्व्हरसोबत येतं. प्रॉक्समॉक्स फुकट आहे, पण जाणकार माणूस हाताशी पाहिजे.

बॅकअप कुठे?
12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यात खालचं आपलं खडकवासलाही गेलं. बॅकअप सर्व्हरच्याच खोलीत ठेवला तर तीच गत होते. तो दुसऱ्या गावात ठेवा.

बिल देण्याआधी विक्रेत्याला एवढंच सांगा, “एक सर्व्हर बंद करून दाखवा.” काम चालू राहिलं, तरच पैसे द्या. पैसा सभासदांचा आहे.