खोल समुद्रांतील मत्स्यशेती

ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें, त्यांपैकीं पुष्कळ घरांत मत्स्याहार वर्ज्य आहे, याची जाणीव ठेवूनच हा विषय हातीं घेतला आहे. गोमंतक-कारवारकडील आमचे सारस्वत बंधु या वाक्यास हंसतील, तें सोडा. परंतु वैद्यांच्या सांगण्यावरून माशाच्या तेलाच्या गोळ्या आतां कित्येक सोंवळ्या घरांतहि मुकाट्यानें गिळल्या जातात. शिवाय समुद्र हा जर सर्वांचा, तर त्याला कुंपण घालण्याचा उद्योग कोणी चालविला आहे, हें समजून घेण्यास आहाराची अट कशाला हवी?

हा उद्योग ज्या देशानें सर्वांत पुढें नेला तो नॉर्वे. डोंगरांच्या कुशींत कोसच्या कोस शिरलेल्या खोल खाड्या हें त्या देशाचें वैशिष्ट्य. त्यांस तेथें फ्योर्ड म्हणतात. सन १९७० मध्यें हित्रा नांवाच्या बेटावर दोघां भावांनीं सालमन जातीच्या माशाचीं सुमारें २०,००० पिल्लें तरंगत्या जाळ्यांत सोडलीं, आणि प्रयोग साधला. आज तो देश वर्षाला १२ लक्ष टनांहून अधिक सालमन पिकवितो. जगांत पाळल्या जाणाऱ्या या जातीच्या माशांपैकीं निम्म्याहून अधिक मासे त्याचे आहेत.

सालमनचा स्वभाव मोठा विलक्षण. तो जन्मतो नदीच्या गोड्या पाण्यांत, वाढतो समुद्रांत, आणि अंडीं घालावयास आपल्याच नदीचा माग काढीत परत येतो. पाळणारे हेंच चक्र आपल्या हातानें फिरवितात. जमिनीवरील टांक्यांत अंडीं उबवावयाचीं, एकेका पिल्लास लस टोंचावयाची, आणि तीं पुरेशीं वाढलीं कीं समुद्रांतील गोल जाळ्यांत सोडावयाचीं. एका जाळ्यांत कायद्यानें २,००,००० पर्यंत मासे ठेवतां येतात. लशीचा गुण नाकारतां येणार नाहीं. सन १९८७ मध्यें या धंद्यांत सुमारें ४८ टन प्रतिजैविक औषधें खपलीं होतीं. उत्पादन कित्येक पटींनीं वाढूनहि अलीकडे हा आंकडा वर्षाला एका टनाच्या आंत आला आहे.

आतां या माशास खाऊं काय घालतात? आपल्या शास्त्रकारांनीं अराजकाला ‘मात्स्यन्याय’ म्हटलें, कारण थोरला मासा धाकट्यास गिळतो. येथें तो न्याय कारखान्यांतून चालतो. एकेकाळीं सालमनच्या चाऱ्याचा बहुतेक भाग लहान माशांची भुकटी व तेल हाच असे. ही भुकटी जगांत सर्वांत अधिक पेरू देशांत, अँचोव्ही नांवाच्या चिमुकल्या माशापासून होते. आतां हें प्रमाण पुष्कळ उतरलें असून निम्म्याहून अधिक चारा सोयाबीनसारख्या वनस्पतींचा असतो. मांसाहारी माशाला शाकाहाराकडे वळविण्याचें हें श्रेय आमच्यांतील कोणा प्रचारकाचें नव्हे, भुकटीच्या भावाचें आहे!

खरी अडचण निघाली ती एका क्षुद्र जीवाची. सालमनच्या अंगावर एक समुद्री ऊ बसते व त्याची त्वचा आणि रक्त खाते. खाडींत जाळ्यांची दाटी झाली, तशा या उवा बेसुमार वाढल्या. नदींतून समुद्राकडे निघालेल्या रानटी सालमनच्या पिल्लांस त्या वाटेंतच गांठूं लागल्या. म्हणून २०१७ पासून नॉर्वेनें आपल्या किनाऱ्याचे १३ विभाग पाडून प्रत्येकास हिरवा, पिवळा किंवा तांबडा दिवा दाखविण्याची पद्धति घातली. हिरवा असेल तेथें धंदा वाढवावा, तांबडा असेल तेथें आंखडावा. तरीहि २०२३ या एका वर्षांत समुद्रांतील जाळ्यांत ६ कोटींहून अधिक सालमन मेले, म्हणजे सहांतील एक. आणि २०२४ च्या जूनमध्यें रानटी मासा इतका थोडा परतला कीं ३३ नद्यांवर मासेमारी बंद करावी लागली.

खाडींत जागा उरली नाहीं, तेव्हां उद्योगाचें लक्ष बाहेर, उघड्या समुद्राकडे गेलें. तेथें प्रवाह जोराचा. मळ एके ठिकाणीं सांचत नाहीं. सन २०१७ मध्यें चीनमधील चिंगदाओ येथें बांधलेला ‘ओशन फार्म १’ नांवाचा पोलादी पिंजरा नॉर्वेच्या किनाऱ्यापुढें आणून नांगरला. त्याचा व्यास ११० मीटर, आणि त्यांत १५ लक्ष मासे मावतात. पुढें २०२० मध्यें ३८५ मीटर लांबीचा ‘हावफार्म’ आला.

कौतुक करावें अशीच ही विद्या आहे. पण हित्राचे ते दोघे भाऊ असला पिंजरा बांधूं शकले असते काय? सन १९७३ मध्यें परवान्यांचा कायदा झाला, तेव्हां नॉर्वे सरकारचा हेतु असा होता कीं हा जोडधंदा किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातीं राहावा. सन १९९१ मध्यें मालकीचीं तीं बंधनें सैल झालीं आणि परवाने मोठ्या कंपन्यांकडे गोळा होत गेले. समुद्र सर्वांचा आहे हें सरकारला उशिरां आठवलें. २०२३ पासून या धंद्याच्या नफ्यावर २५ टक्क्यांचा वेगळा कर बसला आहे.

नॉर्वेची विद्या आपल्याकडे पूर्वींहि आली होती. सन १९५२ च्या करारान्वयें केरळांतील कोल्लमजवळ नींडकरा येथें यांत्रिक नौका व बर्फाचे कारखाने आले. मासेमाऱ्यांचें उत्पन्न वाढलें हें खरें. परंतु कोळंबीच्या निर्यातीचा पैसा दिसतांच भांडवलवाल्यांच्या ट्रॉलर-नौका समुद्रांत उतरल्या, जुन्या मासेमाऱ्यांशीं त्यांचे तंटे झाले, आणि १९८८ पासून पावसाळ्यांत ट्रॉलरबंदी करावी लागली.

केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनें २००७ मध्यें विशाखापट्टण येथें जिताड्याचा पहिला पिंजरा उघड्या समुद्रांत सोडला. हाच तो जिताडा, जो रायगड जिल्ह्यांतील गांवकरी आपल्या तळ्यांत हौसेनें वाढवितात. कोळ्यांच्या एखाद्या गटास पेलावेत असे लहान पिंजरे पुढें आपल्या इतरहि किनाऱ्यांवर आले. कोंकणांत मात्र मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र खवळलेला असतो. तेथें हलक्या पिंजऱ्याचा टिकाव लागणें कठीण. बारमाही टिकेल असा पोलादी पिंजरा घालावयाचा, तर त्याचा परवाना कोळीवाड्याच्या नांवें निघणार कीं मुंबईंतील एखाद्या कंपनीच्या, हें पहिल्या परवान्याच्या आधींच ठरवावें लागेल. नॉर्वेनें निदान १९७३ मध्यें तें ठरविलें तरी होतें.