लेन्सच्या नावाआधी माउंट बघा

हिवाळा लागला की उजनी धरणाच्या जलाशयावर, भिगवणच्या काठाला पाहुणे पक्षी उतरू लागतात आणि कॅमेऱ्याच्या दुकानांत दरवर्षीचा प्रश्न पुन्हा विचारला जातो: ‘लांबची झूम घ्यायची आहे. कंपनीचीच घेऊ, की सिग्मा-टॅमरॉन चालेल?’ कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची लेन्स रोहित पक्ष्यांपुढे तोकडी पडते, हे पहिल्याच फेरीत कळतं. पुढचा खर्च मात्र लाखाच्या घरातला असतो, आणि बहुतेक जण तो ऐकीव माहितीवर करतात.

‘कंपनीची’ म्हणजे कॅमेरा ज्या कंपनीचा तिचीच लेन्स: कॅननला कॅनन, निकॉनला निकॉन, सोनीला सोनी. बाकीच्या थर्ड पार्टी. थर्ड पार्टी म्हणजे दुय्यम, हा समज आता सोडून द्यायला हवा. टॅमरॉन १९५० पासून आणि सिग्मा १९६१ पासून भिंगांच्याच धंद्यात आहेत, आणि दोन्ही जपानी आहेत. २०१३च्या अखेरीस टॅमरॉनने १५०-६०० मिमीची झूम जाहीर केली. अमेरिकेत तिची किंमत १,०६९ डॉलर होती. ६०० मिमीचा पल्ला हौशी माणसाच्या आवाक्यात आला तो तेव्हा. पुढच्या वर्षी सिग्माने त्याच पल्ल्याच्या दोन लेन्स जाहीर केल्या, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स. २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० सुमारे १,४०० डॉलरला बाजारात आली. मोठ्या कंपन्यांनीही या गिऱ्हाइकाकडे लक्ष दिलं, यात थर्ड पार्टीवाल्यांचा वाटा मोठा आहे.

या लेन्सवर पहिला आक्षेप असतो तो एफ/६.३चा: ‘उजेड कमी घेते.’ इथे एक भागाकार करून पाहावा. ६०० मिमीला ६.३ने भागलं की लेन्सच्या तोंडाला लागणारी रुंदी कळते, सुमारे ९५ मिमी. म्हणून सिग्मा कंटेम्पररी आणि टॅमरॉन या दोन्हींच्या तोंडाला ९५ मिमीचा फिल्टर लागतो. एफ/४ हवा असेल तर ६०० भागिले ४, म्हणजे १५० मिमी रुंदीचं भिंग घडवावं लागतं. किंमत आणि वजन तिथे वाढतं. सोनीची स्वतःची २००-६००सुद्धा ६०० मिमीला एफ/६.३च देते आणि तिलाही ९५चाच फिल्टर लागतो. यात कोणी कंजुषी केलेली नाही, हा प्रकाशशास्त्राचा हिशेब आहे. फरक पडतो तो ताडोबातल्या सकाळच्या पहिल्या तासात. एफ/४ची लेन्स अडीचपट उजेड घेते. ती जिथे आयएसओ २५००वर भागवते, तिथे आपल्याला ६४००च्या आसपास जावं लागतं. हे मान्य करूनच झूम घ्यावी.

शार्पनेसचं काय? या वर्गातली बहुतेक झूम ६०० मिमीला पूर्ण उघड्या अॅपर्चरवर थोडी मऊ पडते आणि एफ/८ला सावरते. चांगल्या उन्हात, एफ/८ला टिपलेला खंड्या पाहून तो कोणत्या कंपनीच्या लेन्समधून आला हे ओळखणं अवघड आहे. कधी कधी एकाच मॉडेलच्या दोन लेन्समधला फरक दोन ब्रँडमधल्या फरकापेक्षा जास्त असतो. म्हणून दुकानातच सहाशेवर एफ/६.३ आणि एफ/८ अशी दोन-दोन चित्रं घ्या. चारही कोपरे मोठे करून तपासा आणि मगच पैसे मोजा.

खरा फरक काचेत नसतो, तो कॅमेरा आणि लेन्स यांच्यातल्या इलेक्ट्रॉनिक संवादात असतो. म्हणून आधी आपल्या कॅमेऱ्याचा माउंट, म्हणजे लेन्स जिथे बसते तो जोड, बघावा.

जुन्या डीएसएलआरसाठी, म्हणजे कॅनन ईएफ आणि निकॉन एफसाठी, थर्ड पार्टी कंपन्यांनी हा संवाद बहुतांशी स्वतः उलगडून लेन्स बनवल्या. नवी बॉडी आली की जुनी लेन्स अडखळण्याची शक्यता त्यामुळेच राहते. यावर इलाज म्हणून सिग्माने २०१३ मध्ये यूएसबी डॉक आणि टॅमरॉनने २०१६ मध्ये टॅप-इन कन्सोल आणला. लेन्स त्यावर बसवायची, संगणकाला जोडायची आणि घरीच फर्मवेअर बदलायचं. सेकंडहँड लेन्स घेताना फर्मवेअर कधीचं आहे, हे विचारल्याशिवाय सौदा करू नये.

कॅननच्या मिररलेस आर मालिकेत पर्याय फारच कमी आहेत. २०१८ पासूनच्या आरएफ माउंटवर दुसऱ्यांच्या ऑटोफोकस लेन्सना कंपनीने बराच काळ दार बंद ठेवलं. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या थर्ड पार्टी कंपनीला आरएफ लेन्सची विक्री थांबवावी लागली. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना मिळाला, तो एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या लेन्सपुरता. तेव्हा आरएफवाल्यांनी थर्ड पार्टीच्या शोधात महिने घालवू नयेत. ६३५ ग्रॅमची १००-४०० एफ/५.६-८ ही हलकी आणि परवडणारी सुरुवात आहे. ऐपत असेल तर १००-५०० आहे, किंवा अॅडाप्टर लावून जुनी ईएफ लेन्स वापरता येते.

सोनीने ई माउंटची मूलभूत माहिती २०११ मध्येच इतरांना खुली केली. म्हणून सिग्माची १५०-६०० आणि टॅमरॉनची १५०-५०० या २०२१च्या दोन्ही लेन्स तिथे उत्तम चालतात. मर्यादा दोन आहेत. ए१ सेकंदाला ३० चित्रं काढतो, पण थर्ड पार्टी लेन्सवर हा वेग १५वर थांबतो. आणि या लेन्सवर पल्ला वाढवणारा टेलीकन्व्हर्टर लावता येत नाही. मिररलेसमध्ये सिग्माचा स्वतःचा कन्व्हर्टर फक्त एल माउंटसाठी आहे. ए७च्या साध्या मॉडेलवर वेगाची मर्यादा जाणवणारसुद्धा नाही, कारण त्या बॉडीचा वेगच तेवढा नाही.

निकॉन झेडसाठी टॅमरॉनची १५०-५०० मिळते, पण २०२३ मध्ये निकॉनने स्वतःची १८०-६०० सुमारे १,७०० डॉलरला आणल्यावर चित्र बदललं. कंपनीची लेन्स महागच असते, हा समज तिथे टिकत नाही.

कागदावर न दिसणाऱ्या दोन गोष्टीही पाहाव्यात. पहिली म्हणजे झूमची नळी. सिग्मा-टॅमरॉनच्या या लेन्स झूम करताना लांब होतात. उन्हाळ्यात सफारीला पुढच्या जिप्सीच्या मागे लाल धूळ उडत असते, तेव्हा ही नळी बाहेर-आत होताना हवेसोबत धूळही आत ओढते. सोनी २००-६०० आणि निकॉन १८०-६०० यांची लांबी बदलत नाही, झूम आतल्या आत होते. दुसरी गोष्ट म्हणजे कडी फिरवण्याची दिशा. सिग्माची झूम कडी कॅननच्या दिशेने फिरते, टॅमरॉनची निकॉनच्या. निकॉनची सवय असलेल्या हाताला सिग्मा मिळाली, तर बगळा उडण्याच्या क्षणी बोटं उलटी फिरतात आणि चौकट जवळ येण्याऐवजी लांब जाते. महिनाभरात सवय बदलते, पण घेण्यापूर्वी हे माहीत हवं.

वजनाचाही विचार व्हावा. सिग्मा कंटेम्पररी १.९३ किलोची, स्पोर्ट्स २.८६ किलोची. स्पोर्ट्सला पाणी-धुळीपासून पूर्ण संरक्षण आहे, कंटेम्पररीला फक्त माउंटपाशी. जिप्सीत बीन बॅगवर टेकवून वापरणाऱ्याला स्पोर्ट्स चालेल. काठाकाठाने चालत पक्षी शोधणाऱ्याला दुपारपर्यंत ती जड होईल.

जुनी लेन्स घेताना टॉर्च सोबत न्या. मागून उजेड टाकून आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का बघा. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही बुरशी लवकर धरते. ग्रे मार्केटची लेन्स स्वस्त पडते, पण भारतातली वॉरंटी मिळत नाही. पक्कं बिल आग्रहाने मागा.

माझा कौल असा. डीएसएलआर वापरत असाल तर वापरलेली सिग्मा कंटेम्पररी, टॅमरॉन १५०-६००ची दुसरी आवृत्ती जी२ किंवा निकॉन २००-५०० निर्धास्त घ्या. मिररलेसकडे वळणाऱ्यांमुळे त्या आता चांगल्या किमतीत मिळतात. आरएफ असेल तर कॅननच. निकॉन झेड असेल तर आधी १८०-६०० पाहा. सोनीवर बजेट आखूड असेल तर सिग्मा किंवा टॅमरॉन मनात किंतु न ठेवता घ्या. धावत्या वन्यजीवांसाठी वेगवान बॉडी घेतली असेल तरच २००-६००चे जास्तीचे पैसे वसूल होतात.

आणि एक विनंती. पुण्या-मुंबईत या लेन्स भाड्याने मिळतात. विकत घेण्याआधी एक शनिवार-रविवार हवी असलेली लेन्स स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पाणवठ्यावर वापरून पाहा, आणि वाचलेल्या पैशांत आणखी दोन फेऱ्या करा. चांगला फोटो हवा असेल तर पक्ष्यांजवळ घालवलेल्या वेळेला पर्याय नाही.