जन्म, पुरावा आणि पैसा

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक मुलगा कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आला. लंडनच्या एका विद्यापीठात त्याला एम.ए.साठी प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्तीची यादी मात्र लागायची होती. वडील सफाई कामगार. तो म्हणाला, "सर, प्रवेश मिळाला. पण दारातून आत जायचे पैसे वेगळेच आहेत." मी त्याच्याबरोबर ते नियम वाचायला बसलो. वाचता वाचता जाणवले, की हा एका मुलाचा प्रश्न नाही. म्हणून हे टिपण.

आधी हिशेब पाहू. विद्यार्थी व्हिसाची फी 2025 च्या एप्रिलमध्ये 524 पौंड झाली. त्यावर आरोग्य अधिभार. तो 2015 साली सुरू झाला तेव्हा विद्यार्थ्याला वर्षाला 150 पौंड होता. 2024 च्या फेब्रुवारीत 776 झाला. एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा सव्वा वर्षाहून अधिक मुदतीचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा भरावा लागतो, म्हणजे 1,164 पौंड. 2025 च्या दरांनी दोन्ही मिळून 1,688 पौंड. आपल्या पैशांत पावणेदोन लाखांच्या पुढे. तेही अर्जाबरोबर, आगाऊ. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, फी मिळत नाही. शिवाय पहिल्या वर्षाचे शुल्क आणि राहण्याचा खर्च सलग 28 दिवस बँकेत दाखवायचा. पूर्ण खर्च उचलणाऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र असेल तर ही अट सुटते. पण पत्र वेळेवर हाती पडले पाहिजे! ज्या घरात पगार महिनाअखेरपर्यंत पुरत नाही, त्या घराला लाखो रुपये 28 दिवस न हलवता दाखवा म्हणायचे. नियमात जात कुठेही लिहिलेली नाही. तिची गरजही नाही.

अशा वेळी बाबासाहेबांची आठवण होणे अटळ आहे. 1916 साली ते लंडनला गेले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली परतले, आणि 1920 साली पुन्हा जाऊन अभ्यास पुरा केला. त्यांना पैशाने अडवले, व्हिसाने नाही. त्या काळी हिंदी माणूस ब्रिटिश प्रजाजन होता आणि प्रजाजनाला व्हिसा लागत नसे. पण त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच साम्राज्यात लंडनच्या ग्रंथालयात बसू शकणाऱ्या माणसाला महाडच्या तळ्याचे पाणी घेण्यासाठी 1927 साली सत्याग्रह करावा लागला.

मग हे दार बंद कसे झाले? 1948 च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या माणसांचा ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क कायम ठेवला होता. युद्धानंतर तिथल्या कारखान्यांना, रेल्वेला, रुग्णालयांना माणसे हवी होती. माणसे आली, आणि 1962 साली परवाना आला. 1968 साली केनियातले आशियाई लोक ब्रिटिश पासपोर्ट घेऊन येऊ लागले, तेव्हा तीन दिवसांत कायदा करून विचारले गेले: तुझे आईबाप किंवा आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले होते का? 1971 च्या कायद्याने हीच कसोटी पक्की केली. 1 जानेवारी 1983 पासून, 1981 चा कायदा अमलात आल्यावर, ब्रिटनच्या भूमीवर जन्मणेही पुरेसे राहिले नाही. आई किंवा बाप ब्रिटिश नागरिक अथवा कायमचा रहिवासी असला पाहिजे, अशी अट आली.

'तुझा आजा कोण?' हा प्रश्न आपल्या परिचयाचा आहे. वर्णव्यवस्था याच एका प्रश्नावर उभी आहे. जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा शोधत फिरलेल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे. ज्याच्या आज्याला शाळेची पायरी चढू दिली नाही, त्याच्याकडेच आज्याचा शाळेचा दाखला मागितला जातो! आपल्या देशातही 1986 आणि 2003 च्या दुरुस्त्यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाला आईबापांच्या अटी जोडल्या, हेही विसरू नये.

आता नोंदणीविषयी. ब्रिटनमध्ये नागरिक होण्याचे दोन मार्ग सर्रास एकच समजले जातात. परदेशातून आलेल्या प्रौढाला नागरिकत्व देणे हे सरकारच्या विवेकाधीन असते. पण 1981 च्याच कायद्यात म्हटले आहे, की तिथे जन्मून पहिली दहा वर्षे तिथेच वाढलेल्या मुलाला नागरिक म्हणून नोंद करून घेण्याचा हक्क आहे. मग आईबापांचे कागद कसेही असोत. पहिली मेहेरबानी, दुसरा हक्क. पण या हक्काला किंमत लावली गेली. 2019 साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे आले, की मुलाच्या नोंदणीला सरकारला खर्च येतो 372 पौंड आणि फी घेतली जाते 1,012. खर्चापेक्षा जास्त फी घेण्याची मुभा संसदेनेच 2014 च्या कायद्याने दिली होती. त्यामुळे 2022 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने फी कायदेशीर ठरवली. मात्र लढ्याचे फळ मिळाले: त्याच वर्षीच्या जूनपासून ऐपत नसलेल्या कुटुंबांच्या मुलांना फीमाफी मागता येते. फी पुढे 1,214 झाली.

यातून मी एवढेच शिकलो, की हक्क कायद्यात लिहून भागत नाही. पुराव्याची अट आणि पैशाची अट, या दोन भिंतींआड लिहिलेला हक्क मरून पडतो. म्हणून परदेश शिष्यवृत्तीच्या जागांइतकाच आपला आग्रह तिच्या वेळेविषयी असला पाहिजे. यादी उन्हाळ्यातच लागावी. व्हिसा फी आणि अधिभार भरण्याच्या दिवशीच मिळावेत, नंतर परतफेड म्हणून नव्हे. आणि तोपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात नोकरदार मंडळींनी या आगाऊ रकमेपुरता फिरता निधी उभा करावा.

त्या मुलाचे वडील शेवटी भेटायला आले. सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, पैसे भरले आन् नाही म्हनले तर?" मी खरे ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "भरू. आमच्या बापाला तर कुनी अर्जच दिला नव्हता."