सुतळीच्या गाठी

आजारपणामुळे माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला वर्षभर घरीच शिकवावे लागले. माझ्या आईला हे रुचले नाही. ज्यांच्या पिढ्या शाळेच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या, त्यांच्या घरातले मूल शाळेविना राहते, हे तिला सोसवत नव्हते. गणित, भाषा कशीबशी जमली. प्रश्न इतिहासाचा होता. मुलगी सनावळ्या घोकत होती, परंतु त्यांचा आपल्याशी काही संबंध आहे असे तिला वाटत नव्हते. म्हणून पुस्तक मिटून आम्ही इतिहास हाताने करायला घेतला.

आधी सुतळी घेतली. एका वर्षाला एक बोट, असे माप धरले. पहिली गाठ १८४८ ची. त्या साली जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. तिथून पंचाहत्तर बोटे मोजल्यावर १९२३ ची गाठ आली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात त्या साली संमत झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. मुलीने शेवटची गाठ १९३७ ची मारली आणि विचारले, "पाणी प्यायले ना? मग ही गाठ कशाची?"

मी सांगितले : पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर हल्ले झाले, तळे 'शुद्ध' करून घेतले गेले आणि प्रकरण कोर्टात गेले. हायकोर्टाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. तिने बोटे मोजली. ठरावापासून ओंजळीपर्यंत चार, ओंजळीपासून निकालापर्यंत दहा. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांतले अंतर तिला त्या दिवशी समजले. सन पाठ करणे दुय्यम आहे. दोन सनांच्या मधली जागा वाचता आली पाहिजे.

पुढे माझी चूक झाली. बाबासाहेबांनी शाळेतल्या पाण्याची आठवण लिहून ठेवली आहे : शिपायाच्या हातूनच पाणी मिळणार, तो नसेल तर तहानलेले राहायचे. हा प्रसंग करून दाखवावा म्हणून मी मुलीला खाली बसवले आणि तांब्या उंच धरला. आई आतून आली. तिने माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "ह्यो खेळ न्हाई," एवढेच ती बोलली.

मी खजील झालो. शिक्षक मित्रांनी हे ध्यानात ठेवावे. अपमान समजावून देण्यासाठी मुलाच्या देहाकडून त्याची तालीम करून घेऊ नये. वर्गात तर असे सोंग कोणाच्या वाट्याला येईल, हे आपण जाणतोच.

त्याऐवजी आम्ही आईच्या गावाचा नकाशा मांडला. पुठ्ठ्यावर ओली माती, घरांना ज्वारीचे दाणे, विहिरींना शर्टाच्या गुंड्या. आई सांगत गेली, मुलगी मांडत गेली. गावची विहीर वर, आमची ओढ्याच्या खालच्या अंगाला. आईला सन आठवत नाहीत. पण कोणाचे लग्न, कोणता दुष्काळ, हे आठवते. त्यावरून आम्ही साल काढले. पुस्तकातली गाठ पांढरी आणि आठवणीतली लाल, असा भेद ठेवला. पुरावा कुठून आला, हे मुलाला दिसले पाहिजे.

अस्पृश्यता पाळणे गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ साली झाला. तेव्हा आई सात वर्षांची होती. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जाई. "तिथंबी आमचं पिंप येगळंच," ती म्हणाली. मुलीने सतरा बोटे मोजून लाल गाठ मारली. मग विचारले, "आजी, गावच्या विहिरीचं पाणी तू पहिल्यांदा कधी प्यालीस?"

आई बराच वेळ त्या गुंडीकडे पाहत राहिली. "प्यालेच न्हाई, पोरी. पुढं नळ आला."

ही गाठ कुठे मारायची? मुलीने सुतळीच्या टोकाला लाल दोरा नुसता अडकवून ठेवला.

मुलगी आता शाळेत जाते. दप्तरात तिने ती सुतळीही नेली. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत हे करून पाहावे. खर्च एका सुतळीच्या गुंडाळीचा आहे. मात्र हे लवकर करावे. सांगणारी माणसे थकत चालली आहेत.